पक्षाघातावरील गुठळी-विलयन, सुधारणेचे पूर्वानुमान आणि वाचा

मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटल्याने जो रोग उद्भवतो, त्याला मराठीत ‘पक्षाघात’ आणि ‘अर्धांगवायू’ अशी दोन नावे रूढ आहेत. ‘पक्ष’ म्हणजे शरीराची एक बाजू आणि ‘अर्धांग’ म्हणजे शरीराचा अर्धा भाग. नावांवरूनच अर्थ काढावयाचा झाला, तर हा रोग केवळ हातापायांचा आहे असे वाटावे. लोकांच्या बोलण्यात मात्र ही उणीव नाही. ‘एक अंग गेले आणि वाचाही बसली’ असे घरची माणसे दोन्ही हानी एका दमात सांगतात. आणि वैद्याला त्यांचे प्रश्नही दोनच असतात : हा पुन्हा चालेल काय, आणि हा पुन्हा बोलेल काय?

रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिल्यानंतर रुग्ण कितपत सुधारेल, याचे पूर्वानुमान करण्याच्या पद्धती गेल्या काही दशकांत सिद्ध झाल्या आहेत. या पद्धती पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी देतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांत असल्याचा केवळ भास होतो. रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याची भाषा काटेकोरपणे मोजली जाते. तीन महिन्यांनी सुधारणा मोजताना ती जवळजवळ हिशेबाबाहेर राहते. हा विसंवाद कोठे आणि कसा उत्पन्न होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उपचाराचे स्वरूप

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मेंदूतील रक्तवाहिनी फुटते; दुसऱ्यात ती गुठळीने बंद होते. गुठळी विरघळविण्याचा उपचार अर्थातच दुसऱ्या प्रकारापुरता आहे, आणि म्हणूनच औषध देण्यापूर्वी सी. टी. स्कॅन काढून पहिल्या प्रकाराची शक्यता दूर करावी लागते. गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या तंतुमय प्रथिनाचा असतो. हे तंतू तोडणारे प्लाझ्मिन रक्तात प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय रूपात वावरत असते. अल्टेप्लेझ हे औषध त्याला सक्रिय करते आणि गुठळी विरघळू लागते.

रक्तवाहिनी बंद झाली म्हणजे तिच्या क्षेत्रातील सर्व पेशी तत्काळ मरतात असे नाही. मध्यभागी एक गाभा लवकर नष्ट होतो; त्याच्या सभोवती असा एक पट्टा राहतो की ज्यातील पेशींचे कार्य थांबलेले असते, पण प्राण गेलेला नसतो. १९८१ साली आस्ट्रुप, सिसिओ आणि सायमन यांनी या पट्ट्याच्या कल्पनेची मांडणी केली. त्याला ‘उपच्छाया’ म्हणता येईल. उपचाराची सारी धडपड या उपच्छायेसाठी आहे. मोठी रक्तवाहिनी बंद असता दर मिनिटाला सुमारे १९ लक्ष चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब सेव्हर यांनी २००६ साली मांडला.

१९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांवरील चाचणीने या उपचाराचा पाया घातला. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या रुग्णांत, तीन महिन्यांनी अपंगत्व मुळीच नसण्याची किंवा अत्यल्प असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी अधिक आढळली. त्याचबरोबर लक्षणे निर्माण करणारा मेंदूतील रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, तर न घेतलेल्यांत ०.६ टक्के होता. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविली. पुढे २०१५ पासून मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपचारही प्रस्थापित झाला. लाभ आणि धोका असे शेजारी शेजारी असल्यामुळेच ‘या विशिष्ट रुग्णाचे काय होईल?’ हा प्रश्न निकडीचा ठरतो.

२. पूर्वानुमान कसे केले जाते

पूर्वानुमानाच्या अनेक गुणपद्धतींपैकी एक उदाहरणादाखल घेऊ. हेलसिंकी येथील विद्यापीठ रुग्णालयात अल्टेप्लेझ दिलेल्या १३१९ रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ साली ‘ड्रॅगन’ नावाची गुणपद्धती तयार करण्यात आली आणि स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील ३३३ रुग्णांवर ती पडताळून पाहण्यात आली. तिच्यात सहा गोष्टी पाहतात. सी. टी. स्कॅनमध्ये गुठळीने दाट दिसणारी धमनी किंवा मेंदूच्या हानीची आरंभीची चिन्हे यांपैकी एक असल्यास १ गुण, दोन्ही असल्यास २. आघातापूर्वीच अपंगत्व असल्यास १. वय ६५ ते ७९ असल्यास १, ८० किंवा अधिक असल्यास २. रक्तशर्करा १४४ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास १. लक्षणे सुरू झाल्यापासून औषध मिळेपर्यंत ९० मिनिटांहून अधिक वेळ गेल्यास १. शेवटी, आघाताच्या तीव्रतेचे माप ५ ते ९ असल्यास १, १० ते १५ असल्यास २ आणि १५ च्या वर असल्यास ३. एकूण गुण ० ते १०. जितके अधिक, तितकी आशा कमी.

हेलसिंकीच्या रुग्णांत ० किंवा १ गुण असलेल्यांपैकी ९६ टक्के, २ गुण असलेल्यांपैकी ८८ टक्के आणि ३ गुण असलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. ८ ते १० गुण असलेल्यांपैकी एकही नव्हता. परिणाम भिन्न झालेल्या कोणत्याही दोन रुग्णांपैकी ज्याची स्थिती अधिक वाईट होणार तो कोणता, हे या गुणांवरून साधारणतः पाचांपैकी चार वेळा बरोबर सांगता येते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ‘७४ टक्के’ हे विधान समूहाविषयीचे आहे, व्यक्तीविषयीचे नव्हे. समोरचा रुग्ण त्या ७४ जणांतला की उरलेल्या २६ जणांतला, हे ती संख्या सांगत नाही. दुसरे असे की, अशुभ भाकीत स्वतःच स्वतःला खरे करू शकते. ‘आता काही उपयोग नाही’ असे ठरवून शुश्रूषा सैल केली, तर रुग्ण दगावतो आणि भाकीत बरोबर होते असा समज दृढ होतो. म्हणून असे गुण उपचार नाकारण्याचे साधन म्हणून वापरणे युक्त नव्हे.

३. प्रवेशाच्या वेळी मोजली जाणारी भाषा

वरील सहा घटकांपैकी सर्वाधिक गुण तीव्रतेच्या मापाला आहेत. हे माप अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रचारात आणलेल्या श्रेणीवरून घेतात. तिच्यात एकूण ४२ गुण आहेत. त्यांपैकी ७ गुण सरळ भाषेचे आहेत : महिना व वय विचारणाऱ्या दोन प्रश्नांचे २, डोळे मिटणे-उघडणे आणि मूठ आवळणे-सोडणे या आज्ञांचे २, आणि वाचाघाताचे ३. उलट, शरीराच्या किंवा अवकाशाच्या एका बाजूचे भानच नाहीसे होणे या उजव्या गोलार्धाच्या प्रमुख लक्षणाला अवघे २ गुण आहेत.

बहुसंख्य माणसांची भाषा डाव्या गोलार्धात असते, हे १८६१ मधील ब्रोका आणि १८७४ मधील वेर्निके यांच्या निरीक्षणांपासून प्रस्थापित आहे. त्यामुळे ही श्रेणी डाव्या गोलार्धाच्या हानीविषयी अधिक संवेदनशील ठरते. १९९९ साली वू आदी अभ्यासकांनी याचा पडताळा घेतला. ज्यांचे माप १६ ते २० होते अशा रुग्णांत डाव्या गोलार्धातील हानीचा मध्यमान ४८ मिलिलिटर, तर उजव्या गोलार्धातील १३३ मिलिलिटर आढळला. अर्थात समान गुणांच्या मागे असमान हानी होती. या श्रेणीत भाषा हा एक ठळक घटक आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

पण भाषा मोजणे म्हणजे एखादी विशिष्ट भाषा मोजणे होय. वाचाघाताच्या परीक्षेत रुग्णाला एका स्वयंपाकघराच्या चित्राचे वर्णन करावयास सांगतात, काही चित्रांतील वस्तूंची नावे विचारतात आणि काही वाक्ये वाचून घेतात. वस्तूंमध्ये हातमोजा, निवडुंग, पीस आणि दोन झाडांना बांधावयाचा जाळीचा झोपाळा आहे. उच्चारांच्या परीक्षेतील मूळ इंग्रजी शब्दांत एका अमेरिकन रानफळाचे नाव आणि बेसबॉलचा खेळाडू आहे. ज्याने असा झोपाळा आयुष्यात पाहिला नाही, त्याला त्याचे नाव न सुचणे हे मेंदूच्या हानीचे लक्षण नव्हे. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने वाक्य न वाचणे हाही वाचाघात नव्हे. आणि मराठीतील महाप्राण व्यंजने, ‘ण’ व ‘ळ’ यांसारखे मूर्धन्य वर्ण किंवा ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील चकारांचा भेद ज्या शब्दांत येतच नाही, ते शब्द मराठी रुग्णाच्या उच्चारांची पुरेशी पारख करू शकत नाहीत. शब्दांचे केवळ भाषांतर केल्याने ही अडचण सुटत नाही. ध्वनींची व परिचयाची समतोल निवड पुन्हा मुळापासून करावी लागते.

याहून सूक्ष्म गोष्ट श्रेणीच्या नियमांतच आहे. महिना व वय यांच्या प्रश्नाबाबत असा नियम आहे की, घशात नळी असल्यामुळे, उच्चार फार अस्पष्ट असल्यामुळे किंवा भाषेच्या अडथळ्यामुळे रुग्णाला उत्तर देता आले नाही, तर १ गुण द्यावा. नियम करणाऱ्यांचा हेतू सावधगिरीचा आहे. पण त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सत्तर वर्षांची एक मराठीभाषी स्त्री परप्रांतात किंवा परदेशात मुलाकडे राहावयास गेली आहे. तिला उजव्या गोलार्धाचा आघात होतो. मुलगा कामावर आहे. शेजारी तिला रुग्णालयात पोहोचवितात आणि ८० मिनिटांत औषध मिळते. शर्करा व स्कॅन निर्दोष आहेत आणि पूर्वीचे अपंगत्व नाही. डावा हात ३, डावा पाय २, चेहरा २, संवेदना १, एका बाजूचे भान १, असे तिचे माप ९ भरते. तिची वाचा शाबूत आहे. परंतु परीक्षकाला मराठी येत नाही आणि तिला त्याची भाषा येत नाही. नियमाप्रमाणे १ गुण वाढतो आणि माप १० होते. ९ ला ड्रॅगन पद्धतीत १ गुण होता, १० ला २ आहेत. वयाचा १ गुण मिळवून बेरीज २ ऐवजी ३ होते, आणि चांगल्या परिणामाची अपेक्षा ८८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर येते. तिच्या मेंदूत काहीच अधिक बिघडलेले नाही. बिघडला आहे तो दोन माणसांमधील संवाद. दुभाष्याच्या एका वाक्याने हा फरक नाहीसा झाला असता.

४. निर्गमनाच्या वेळी गळणारी भाषा

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. ‘चांगला परिणाम’ याचा अर्थ काय? बहुतेक चाचण्यांत तो रँकिन श्रेणीवर ठरतो. ग्लासगो येथील जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडलेल्या श्रेणीचे हे सुधारलेले रूप होय. ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही. १ म्हणजे लक्षणे आहेत, पण नित्याची सर्व कामे होतात. २ म्हणजे पूर्वीची सर्व कामे होत नाहीत, पण स्वतःचे स्वतः पाहता येते. ३ म्हणजे काही मदत लागते, पण आधाराविना चालता येते. ४ म्हणजे आधाराविना चालता येत नाही. ५ म्हणजे अंथरुणाला खिळणे आणि ६ म्हणजे मृत्यू.

या श्रेणीची उपयुक्तता वादातीत आहे. थोड्या वेळात, कोणत्याही देशात, कोणत्याही रुग्णाला ती लावता येते. तथापि तिच्या सात पायऱ्यांपैकी एकीतही ‘बोलणे’ या क्रियेचा उल्लेख नाही. ड्रॅगन पद्धतीत ० ते २ या तिन्ही पायऱ्या मिळून ‘चांगला परिणाम’ धरला आहे. समजा, एखाद्या वकिलाला किंवा कीर्तनकाराला डाव्या गोलार्धाचा आघात झाला. औषधाने हातपाय सुधारले. तो जेवतो, स्नान करतो, बाजारात जाऊन परत येतो, पैसे मोजतो. परंतु त्याला नेमका शब्द सापडत नाही आणि लांब वाक्य ध्यानात राहत नाही. तो रँकिन श्रेणीवर २ ठरण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणजे पूर्वानुमानाच्या कोष्टकात तो यशस्वी रुग्णांत गणला जाईल. ‘चांगला होण्याची शक्यता ७४ टक्के’ हे वाक्य वैद्याने उच्चारले तेव्हा त्याच्या पत्नीने ‘बोलू लागण्याची शक्यता ७४ टक्के’ असा अर्थ घेतला असेल, तर तिची फसवणूक कोणी केली नाही. पण तिचा गैरसमज टळावा अशी व्यवस्थाही कोणी केली नाही.

५. वाचेच्या सुधारणेचे स्वतंत्र पूर्वानुमान

मग वाचेचे पूर्वानुमान करता येते काय? काही अंशी येते. पहिला आधार रक्तपुरवठ्याचाच आहे. हिलिस आदी अभ्यासकांनी २००१ साली दाखविले की, आघाताच्या आरंभकाळात वेर्निके क्षेत्राला रक्त जितके कमी पोहोचते, तितके शब्दार्थाचे आकलन अधिक ढासळते. याचा अर्थ, पहिल्या दिवसाची मूकता ही सगळी मृत पेशींची नसते. तिच्यातील काही भाग उपच्छायेचा असतो आणि तो रक्त पुन्हा सुरू होताच परत येऊ शकतो. म्हणून पहिल्या घटकेला वाचा संपूर्ण गेलेली दिसली, तरी त्यावरून कायमचा निष्कर्ष काढणे घाईचे होय.

दुसरा आधार आरंभीच्या तीव्रतेचा. लाझार आदींनी २०१० साली २१ रुग्णांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, वाचाघाताच्या कसोटीत आरंभी जितके गुण कमी पडतात, त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के गुण रुग्ण ९० दिवसांत भरून काढतो. शंभरपैकी २० गुण असलेल्या रुग्णाला ८० कमी पडतात. त्यांचे सत्तर टक्के म्हणजे ५६. तेव्हा तो ७६ वर पोहोचेल. नियम मोहक होता आणि हाताच्या हालचालींविषयीही तसाच नियम सांगितला जात होता.

परंतु २०१९ साली होप, फ्रिस्टन, प्राइस आदींनी या नियमामागील गणिताची चिकित्सा केली. समजा, चार रुग्णांचे आरंभीचे गुण २०, ४०, ६० व ८० आहेत आणि कसोटी सोपी असल्यामुळे अखेरीस चौघेही १०० वर पोहोचले. त्यांची वाढ अनुक्रमे ८०, ६०, ४० व २० झाली. आरंभीची उणीव आणि वाढ यांचा संबंध येथे पूर्ण दिसतो. पण तो निसर्गाने घडविलेला नसून वजाबाकीने घडविला आहे. वाढ म्हणजे अंतिम गुणांतून आरंभीचे गुण वजा करून आलेली संख्या. अंतिम गुण सर्वांचे सारखे असतील, तर ती आरंभीच्या गुणांशी बांधलेलीच राहणार. यावरून आरंभीची तीव्रता निरर्थक ठरत नाही. तिचे महत्त्व आहेच. मात्र तिच्या बळावर एका व्यक्तीचे भविष्य किती नेमके सांगता येते, याविषयीचा विश्वास कमी करावा लागतो.

तिसरा मार्ग हानीच्या स्थानाचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राइस यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या संशोधनात नव्या रुग्णाच्या मेंदूतील हानी पूर्वीच्या रुग्णांच्या हानींशी ताडून पाहतात आणि ज्यांची हानी तिच्यासारखी होती त्यांची भाषा कालांतराने कशी सुधारली, यावरून अनुमान बांधतात. या पद्धतीत ‘चांगला परिणाम’ या मोघम शब्दाऐवजी बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे यांविषयी वेगवेगळे उत्तर मिळण्याची सोय आहे. हाच तिचा विशेष होय.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो : कोणती भाषा परत येईल? रिबो यांच्या मते जी आधी शिकली ती अधिक टिकते. पित्र यांनी १८९५ साली असे मांडले की जी आघाताच्या वेळी अधिक वापरात असते ती आधी परतते. पुढील निरीक्षणांत दोन्ही नियमांना अपवाद सापडले. पुष्कळदा सर्व भाषा बरोबरीने सुधारतात, पण नेहमीच नव्हे. हैदराबाद येथे अल्लादी आदींनी ६०८ रुग्णांचा अभ्यास करून २०१६ साली दाखविले की, आघातानंतर बौद्धिक व्यापार अबाधित राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. मात्र वाचाघाताच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. भाषांची संख्या बुद्धीला राखीव बळ देत असावी. वाचेचे संरक्षण ती तितक्याच प्रमाणात करते असे मात्र यावरून म्हणता येत नाही. येथेही ‘सुधारणा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावून चालत नाही, हेच दिसून येते.

६. समारोप

वरील विवेचनाचा अर्थ प्रचलित गुणपद्धती टाकाऊ आहेत असा नव्हे. मिनिटांचा हिशेब असलेल्या प्रसंगी सहा गोष्टींवरून झटपट अंदाज देणारे साधन मोलाचे आहे. मागणी एवढीच आहे की, त्या साधनाने जे मोजले तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. त्यासाठी तीन गोष्टी अल्प श्रमात करता येतील. पहिली : तीव्रतेच्या मापाबरोबरच परीक्षा कोणत्या भाषेत झाली आणि दुभाषी होता की नाही, याची एका ओळीत नोंद. दुसरी : रुग्ण घरी, बाजारात आणि कामावर कोणत्या भाषा वापरीत होता, याची नातेवाइकांकडून माहिती. तिसरी : तीन महिन्यांनी रँकिन श्रेणीच्या शेजारी वाचेचा स्वतंत्र रकाना, आणि तो रुग्णाच्या स्वतःच्या भाषेतील कसोटीवर भरलेला.

यांपैकी पहिल्या दोन नोंदी रुग्णालयातील कोणालाही करता येतील. तिसरीसाठी लागणारी कसोटी मात्र वैद्यक एकट्याने तयार करू शकणार नाही. कोणते शब्द सर्व थरांतील मराठी भाषकांना सारखेच परिचित आहेत, कोणती वाक्यरचना सोपी आणि कोणती अवघड, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याचे कोणते उत्तर ‘चूक’ नसून त्याच्या बोलीचे शुद्ध रूप आहे, हे ठरविणे भाषाशास्त्राचे काम आहे. ते होत नाही तोवर ‘हा चालेल काय?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळत राहील, आणि ‘हा बोलेल काय?’ असे विचारणाऱ्याला तोच आकडा पुन्हा ऐकविला जाईल.